रूथबाईंची लाईन

रूथबाईंच्या दारावर टकटक केली की आतून आवाज यायचा, "नंबर?" नवीन माणूस गोंधळून उभा राही. आम्ही मात्र दार लोटून आत जायचो. तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आधी श्रीरामपूरला आणि मग नगरला. बोर्डासमोर बसून, कानाला यंत्र लावून, गावोगावचे लोक एकमेकांना जोडून द्यायचे हे त्यांचं काम. बोर्ड जाऊन किती वर्षं झाली, पण तो प्रश्न त्यांच्या तोंडातून गेला नाही.

कोल्हारच्या पुढे, प्रवरेच्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे. मी तिथे सेविका होते. आश्रमाच्या दोन इमारती आहेत. रस्त्याकडच्या इमारतीत पैसे भरून राहणारे राहतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र खोली, खिडकी. मधल्या पटांगणापलीकडे मागची इमारत आहे. तिथे एका लांब हॉलमध्ये खाटांच्या रांगा, आणि ज्यांचं कुणी नाही किंवा असून नसल्यासारखं आहे, त्या बाया धर्मादाय ठेवलेल्या. रूथबाई पुढच्या इमारतीत होत्या. मुलगा पुण्याला मोठ्या पगारावर. दर रविवारी, चर्चची वेळ टळल्यावर, त्याचा मोबाईलवर फोन येई. तो बोलत असताना त्या घड्याळाकडे बघत राहायच्या आणि शेवटी, ट्रंककॉलवर विचारायच्या तसं, म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत का?" तो कधी वाढवत नसे.

स्वभावाने त्या गोड मुळीच नव्हत्या. इस्त्रीचं पातळ नसेल तर खोलीबाहेर पडायच्या नाहीत. आम्ही 'टेलिफून' म्हटलं की तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. मागच्या इमारतीबद्दल सुरुवातीला त्यांना काही कुतूहलही नव्हतं. "तिकडचा आरडाओरडा इकडे येतो, मंगल. खिडकी लाव," एवढंच.

मग एका देणगीदाराने दोन्ही इमारतींत इंटरकॉम बसवून दिले. भिंतीवर पांढरी पेटी, आकड्यांची बटणं, एक हिरवा दिवा. खोलीचा नंबर दाबला की त्या खोलीत वाजतं. हॉलमध्ये दर खाटेच्या उशाशी एक पेटी. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी रूथबाईंची पेटी वाजली. मी त्यांच्या पायाला तेल लावत होते.

"नंबर?" रूथबाई म्हणाल्या.

"नंबर न्हाई ठाव," पलीकडून एक घोगरा आवाज आला. "पानी पायजेल. घसा वाळलाय."

ती सखुबाई. पाथर्डीकडची. उभं आयुष्य ऊसतोडीला गेलेली, आता कमरेखालून हलता न येणारी. ऑफिसचा नंबर दाबायचा होता, दाबला भलताच. रूथबाईंनी तिला, "लाईन धरा," असं सांगितलं, ऑफिसला फोन लावून पाणी पाठवायला लावलं, आणि परत तिला फोन करून विचारलं, "मिळालं का?"

"मिळालं. तुमी कोन?"

"ऑपरेटर," रूथबाई म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तेव्हापासून रोज दुपारी दोघींचं बोलणं चालायचं. कमरेचं हाड मोडल्यापासून रूथबाई वॉकरवर होत्या आणि मागच्या इमारतीला चढायला पायऱ्या. त्यामुळे भेट नव्हतीच, सगळं त्या पेटीवर. सखुबाई कोयत्याच्या, उसाच्या टायरगाडीच्या, थंडीतल्या पहाटेच्या गोष्टी सांगे. रूथबाई ट्रंककॉलच्या सांगत. मृत्यूची बातमी सांगणाऱ्यांना त्या लाईन लवकर द्यायच्या आणि भांडणाऱ्यांना उशिरा, असं त्यांनी तिला सांगितलेलं मी ऐकलंय. सखुबाई एवढ्या मोठ्यानं हसली की पेटी थरथरली.

बोलणं फिरून जेवणावर यायचंच. "आज तुमच्यात काय हुतं?" सखुबाई विचारायची. रूथबाई सांगायच्या: दोन भाज्या, अंडं, रात्री पेलाभर दूध. मग सखुबाई म्हणायची, "आमच्यात बी दूध अस्तंय की. पांढरं पानी. चुना कालवल्यागत."

हे तिने गमतीत सांगितलं. रूथबाईंनी गमतीत घेतलं नाही. देणगीदार सपत्नीक आश्रम बघायला आले, तेव्हा त्या वॉकर टेकत जेवणघरात आल्या आणि सगळ्यांसमोर संचालकांना म्हणाल्या, "साहेब, दूध दोन भांड्यांत वेगवेगळं का असतं? पाहुण्यांना मागचं भांडं पण दाखवा."

संचालक हसले. म्हणाले, "बाई आमच्या घरातल्याच आहेत, हक्कानं बोलतात." पाहुण्यांना त्यांनी बाग दाखवायला नेलं.

पुढच्याच आठवड्यात नगरहून इरफान आला. इंटरकॉम त्यानेच बसवले होते. चांगला, कामाशी काम ठेवणारा माणूस. रूथबाईंच्या खोलीत खुर्चीवर लॅपटॉप ठेवून तो पेटीची सेटिंग उघडून बसला.

"काय बिघडलंय?" रूथबाईंनी विचारलं.

"काही नाही मावशी. आवाज तुटतो अशी तक्रार आहे. कॅमेरे, कॉम्प्युटर, इंटरकॉम, सगळं एकाच तारेतून जातं ना. मग प्रत्येकाच्या माहितीवर एक आकडा चिकटवायचा. टॅग म्हणतात त्याला. मधे जी स्विचची पेटी आहे, ती आकडा बघून वाट देते. कॅमेऱ्याचं कॅमेऱ्याकडे, बोलण्याचं बोलण्याकडे. व्ही-लॅन करतोय, म्हणजे एकाच तारेवर वेगवेगळे गट."

"आमचा आवाज कधी तुटला नाही."

तो बटणं दाबत राहिला. रूथबाई त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "ह्या खोलीचा आकडा दहा. मागच्या हॉलचा?"

"वीस."

"आणि ऑफिसचा?"

"ऑफिसला दोन्ही."

"दहाचं वीसला ऐकू जातं?"

इरफानने बटणावरून हात काढला. "नाही मावशी. आकडा सारखा असला तरच."

"म्हणजे तार तीच. तिच्यातून माझं बोलणं आता पलीकडे जायचं नाही, एवढंच तू करतोयस."

"मला सांगितलंय तसं करतोय. साहेबांना विचारा."

"लाईन तोडायचा हुकूम आला की आम्ही कारण लिहून मागायचो," रूथबाई म्हणाल्या. "तू मागितलंस?"

त्याने मान खाली घालून काम संपवलं. जाताना त्याने त्यांना वाकून सलाम केला. त्यांनी तो घेतला नाही.

साहेबांना त्यांनी विचारलंही. साहेब म्हणाले, "बाई, टेक्निकल विषय आहे. तुमच्या काळातला बोर्ड वेगळा."

मी हॉलमध्ये जाऊन सखुबाईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि उशाशी बोट दाखवलं. "दिवा तर लागतोय की." दिवा लागत होताच. पेटीला वीज मिळत होती, त्याचा तो दिवा. नंबर दाबला तर पेटी नेहमीसारखी टुक करायची. सखुबाईच्या मते यंत्र चालू होतं, फक्त पलीकडचं माणूस बोलत नव्हतं. मी तीनतीनदा समजावलं. ती म्हणाली, "तू पुडच्या बिल्डिंगीत काम करतीस, पोरी. तू त्यांचंच सांगनार." ती रोज दुपारी बटण दाबायची आणि पेटीशी बोलायची. शेजारच्या खाटांवरच्या बाया हसायच्या.

रविवारी माझ्याबरोबर आणखी दोघी तयार झाल्या आणि आम्ही रूथबाईंना खुर्चीसकट पायऱ्या चढवून हॉलमध्ये नेलं. इस्त्रीचं पातळ, केसांत चपट्या पिना. एकमेकींना त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मला वाटलं होतं, दोघी रडतील, हात धरतील. सखुबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. वळली नाही.

"आता आलात व्हय?"

"सखू, लाईन तोडलीय. मंगलनं सांगितलं ना तुला?"

"मी रोज बोलते. तुमी तिकडं ऐकता अन् गप बसता."

"मला काही ऐकू येत नाही गं."

"अन् दुधाचं?" आता ती वळली. "दूध आमचं, अन् भांडलात तुमी. मला कुनी इचारलं? तवापासनं चहात बी दूध न्हाई. कोरा चा. हितल्या समद्या बाया मला बोलत्यात, हिच्या तोंडापाई गेलं म्हन्त्यात."

हॉलमध्ये सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. रूथबाईंचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "मी तुझ्यासाठीच भांडले."

"मी सांगिटलं हुतं का?"

रूथबाईंनी पदर सावरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंगल, चल. मला परत ने."

दोन्ही बाजूंचं मला दिसत होतं. त्या दोघींना एकमेकींचं दिसत नव्हतं. आणि ज्याने हे घडवून आणलं तो माणूस त्या वेळी ऑफिसात बसून दोन्हीकडच्या पेट्या ऐकू शकत होता.

पुढचा रविवार यायच्या आत सखुबाई गेली. सकाळी चहा द्यायला गेलेल्या बाईला कळलं. पुतण्या पाथर्डीहून जीप घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. मी बातमी सांगायला रूथबाईंच्या खोलीत गेले, तेव्हा त्या भिंतीवरच्या पेटीसमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं. "नेलं पण?" एवढंच विचारलं.

चार-सहा दिवस त्या खोलीतच राहिल्या. मग ऑफिसात जाऊन म्हणाल्या, "मला मागच्या हॉलमध्ये हलवा. तिची खाट रिकामी आहे."

संचालकांनी आधी समजूत घालायचं नाटक केलं. पण पुढच्या इमारतीतल्या खोलीसाठी माणसं रांगेत उभी होती आणि दुधाचा प्रश्न विचारणारी बाई पाहुण्यांच्या वाटेवरून आपसूक बाजूला होत होती. "मुलाला मात्र आत्ता कळवू नका, त्याला उगाच काळजी," ते म्हणाले. रूथबाई म्हणाल्या, "मी सांगणारच नव्हते."

हॉलने त्यांना कधी आपलं मानलं नाही. बाया त्यांना 'मोठ्या बिल्डिंगीची' म्हणायच्या. त्यांचं पातळ कुणी मुद्दाम ओल्या जागेत टाकायचं. त्याही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. कुणाचं अशुद्ध बोलणं सुधारायच्या, कुणाशी पंख्यावरून भांडायच्या. कोरा चहा मात्र त्यांनी एकदाही परत पाठवला नाही. एकदा मी माझ्या डब्यातलं दूध त्यांच्या कपात ओतायला गेले, तर कपावर हात ठेवला. "सगळ्यांना पुरेल का?" मी डबा परत बंद केला.

प्रजासत्ताक दिनाला आश्रमाच्या अध्यक्षांना दोन्ही इमारतींशी एकाच वेळी बोलायचं होतं. त्यासाठी इरफानला पुन्हा बोलावलं. चहा गार व्हायच्या आत त्याने सगळ्या पेट्यांना एकच आकडा देऊन टाकला. मग प्रत्येक उशाशी अध्यक्ष बोलू लागले, की आपण सगळे एकच कुटुंब आहोत. रूथबाईंनी उशी उचलून पेटीवर दाबून धरली आणि भाषण संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

त्या गेल्या त्या आजारी पडून नव्हे. दुपारच्या झोपेतून उठल्या नाहीत. मुलगा पुण्याहून संध्याकाळी आला. उंच, थकलेला, सभ्य माणूस. तो सरळ पुढच्या इमारतीत गेला आणि आईच्या जुन्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत दुसरेच आजोबा पेपर वाचत होते.

"ह्या खोलीत नव्हत्या त्या," मी म्हटलं. "मागे राहायच्या."

मी त्याला पटांगणातून घेऊन निघाले. पायऱ्यांशी येऊन तो थांबला. हॉलच्या दारातून खाटांची रांग दिसत होती.

"इथे? का?"

"त्यांची एक मैत्रीण होती इथे."

"अच्छा. त्यांना भेटता येईल का?"

"ती आधीच वारली. त्यानंतर तुमची आई इकडे आली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी उलटसुलट सांगतेय असं त्याला वाटलं असावं. "म्हणजे मैत्रीण नव्हतीच, तेव्हा आली?"

"हो."

"मग कशासाठी आली?"

मी पुन्हा सांगितलं, इंटरकॉमचं, आकड्याचं, दुधाचं, जमेल तसं. तो ऐकत होता. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की त्याला ते कळत नाहीये, आणि दुसऱ्यांदा सांगूनही कळणार नाही. त्याने मोबाईलवर वेळ बघितली, "सामान तुम्ही वाटून टाका," म्हणाला, आणि पायऱ्या न चढता गाडीकडे परत गेला.