आर्जियानं उगवलेला सूड

आर्जिया सोलियानीला गावातल्या कॉफी-नाश्त्याच्या बारमधल्या नोकरीवरून काढलं तो शुक्रवार होता, आणि काढताना तिच्या हातात एक खोकं दिलं गेलं.

खोक्यात पानिनी, म्हणजे आत सारण भरलेला पाव, दाबून भाजायचा घरगुती ग्रिल होता. ओट्याच्या कोपऱ्यात मावेल एवढासा, एका वेळी एकच पाव भाजणारा. बारचा मालक लोरिस सात-आठ गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणाला, "मावशी, एकोणतीस वर्षं लोकांसाठी भाजलंस. आता घरी बस आणि एकटीपुरतं भाज."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही हसून घेतलं. पण 'एकटीपुरतं' हा शब्द तिच्या जिव्हारी लागला. नवरा जाऊन तिला चार वर्षं झाली होती.

हा लोरिस तिच्यासमोर लहानाचा मोठा झालेला. बार त्याच्या बापाचा होता तेव्हा शाळा सुटली की तो काउंटरमागच्या स्टुलावर पाय हलवत बसायचा, आणि आर्जिया त्याला कडा काढलेला चीज टोस्ट भरवायची. आता पस्तिशीत त्यानं बारला नवा रंग दिला, नव्या खुर्च्या आणल्या, आणि त्या खुर्च्यांना शोभतील असे नवे चेहरेही आणले.

तिनं खोकं कपाटावर टाकलं, ते तिथंच धूळ खात पडलं असतं. पण तीन आठवड्यांनी गावच्या साप्ताहिकात लोरिसचा फोटो आला. हातात पानिनी, तोंडभर हसू. खाली छापलं होतं : 'ही आमची प्रसिद्ध पानिनी म्हणजे माझ्या आजीची, जिझेल्लाची पाककृती.'

आर्जियानं ते उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. भाजलेलं हॅम, मऊ चीज आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला कांदा, ही पानिनी तिची स्वतःची होती. एका हिवाळ्यात, धुक्यानं गाड्या अडकून पडल्या असताना, रेल्वेच्या माणसांना पाच मिनिटांत काहीतरी गरम द्यायचं म्हणून तिनं ती जुळवली होती. आणि जिझेल्ला? ती बाई जन्मभर गल्ल्यावर बसली. तिनं सुरीला कधी हात लावला नाही, आणि उकडलेल्या भाजीपलीकडे काही खाल्लं नाही.

आर्जियानं खुर्ची ओढली, वर चढली आणि खोकं खाली काढलं.

पहिले काही दिवस त्या ग्रिलनं तिला रडवलं. बारमधला ग्रिल जड बिडाचा, त्याच्या वजनानंच पाव बसायचा. याचं झाकण हलकं, जाड पावावर तिरकं टेकायचं. एक बाजू करपायची, दुसरी पांढरीफटक. जोर लावून दाबलं की चीज बाहेर आणि पावाची चपटी चिंधी. झाकण उघडून पाहिलं की तवे निवायचे. दुसरी कुणी असती तर नाद सोडला असता. आर्जिया पाव भाजत होती, खात होती, उरलेले कोंबड्यांना घालत होती, आणि खिडकीतून समोर बघत होती. तिचं स्वयंपाकघर तळमजल्यावर, आणि त्याच्या खिडकीसमोर, सहा पावलांच्या गल्लीपलीकडे, बारचं दार.

अकराव्या दिवशी ग्रिल तिच्या ताब्यात आला. ग्रिल तापल्याचा दिवा हिरवा झाला तरी आणखी थोडं थांबायचं. पाव पातळ कापायचा आणि आतला गर थोडा काढून टाकायचा. बाहेरून बोटानं चरबी लावायची. कांदा फडक्यात घालून पिळायचा, अगदी कोरडा होईपर्यंत. झाकण दाबायचं नाही, नुसतं टेकू द्यायचं. आणि बाहेर काढल्यावर पानिनी आडवी ठेवायची नाही, उभी करायची, म्हणजे वाफेनं बूड ओलं होत नाही. एकोणतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं तेवढं तिला त्या अकरा दिवसांतल्या रागानं शिकवलं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी पावणेदहाला तिनं खिडकी सताड उघडली आणि ग्रिल खिडकीशी आणून ठेवला. वास गल्लीत उतरला. रेल्वेतून निवृत्त झालेला प्रिमो बारकडे निघाला होता, तो अर्ध्यावरच थबकला.

"काय भाजतेयस गं?"

"तुझा नाश्ता."

"खरं? लोरिसकडची आता तोंडात घालवत नाही. ओली टोपी चावल्यासारखं वाटतं." तो तिच्या दाराकडे वळलासुद्धा.

"थांब. आधी बारमध्ये जायचं. कॉफी घ्यायची. पानिनी देऊ का असं तो विचारेल. तेव्हा म्हणायचं, 'नको, मी आर्जियाकडे खाणार आहे.' मोठ्यानं म्हणायचं. मग इकडे यायचं."

प्रिमोनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तू फार वाईट बाई आहेस."

"आहेच. जा आता, थंड होईल."

प्रिमो गेला, बोलला, आला. दुसऱ्या दिवशी पोस्टातली नोर्मा आली, मग औषधांच्या दुकानातले दोघे. महिनाभरात रोज सकाळी आठ-नऊ माणसं आर्जियाच्या टेबलाशी दाटीवाटीनं बसू लागली. ग्रिल एकेकच भाजायचा, त्यामुळे प्रत्येकाला वाट बघावी लागे, पण कुणी कुरकुरलं नाही. ती कुणाकडून काही घेत नसे. कुणी चीज आणायचं, कुणी मेव्हण्याकडचं हॅम, प्रिमो कांदे आणायचा. खुर्च्या मात्र तिनं मुद्दाम अशा मांडल्या होत्या की खाणाऱ्यांची तोंडं बारच्या दाराकडे असावीत. लोरिसला त्यांच्या पाठी नाही, चावणारे जबडे दिसायला हवे होते.

आणि रोज, कॉफीच्या प्रत्येक कपामागे, त्याला तेच वाक्य ऐकावं लागे. नऊ माणसं, नऊ वेळा.

त्यानं आजीच्या पानिनीचा फलक आणखी मोठा केला. उपयोग झाला नाही. मग त्यानं नगरपालिकेत तक्रार केली की समोरची बाई घरात बेकायदा खानावळ चालवते. एक शिपाई चौकशीला आला.

"हे लोक पैसे देतात?" त्यानं विचारलं.

"हे माझे पाहुणे," आर्जिया म्हणाली. "पाहुण्यांकडून तुम्ही घेता का पैसे?"

शिपायानं टेबलाभोवती पाहिलं. सगळे गंभीर चेहरे करून चावत होते. त्यानं वही मिटली, पण पाय काही निघेना. शेवटी आर्जियानं विचारलं, "कांदा चालतो ना तुम्हाला?" बाहेर पडताना तो लोरिसला एवढंच म्हणाला की पाहुण्यांना जेवू घालणं हा गुन्हा नाही. बोलताना त्याच्या मिशीला चीज लागलेलं होतं.

नोव्हेंबरच्या मध्याला लोरिस स्वतः आला. बाहेर इतकं धुकं होतं की दारात उभं राहीपर्यंत तो तिला दिसलाच नाही.

"मावशी, तुला हवंय तरी काय?"

"ती पानिनी कुणाची ते तू सांगायचं. अकरा वाजता, बार भरलेला असताना, तुझ्या तोंडानं."

"लोक हसतील मला."

"हो."

"मी फलकावर तुझं नाव लिहितो. उद्याच."

"फलक मला टोस्ट मागायला येत नव्हता, लोरिस. तू येत होतास."

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी फलकावर खरंच 'आर्जियाची पानिनी' असं आलं. तिनं खिडकीतून ते वाचलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "वाक्य चालू ठेवा."

चालू राहिलं. थंडी वाढली तरी ती खिडकी बंद करीना. नोर्मा कोट घालून खायची. प्रिमोला सर्दी झाली आणि तो म्हणाला, "तुझ्या सुडापायी मी मरेन एक दिवस."

"मरायच्या आधी बारमध्ये जाऊन सांग," ती म्हणाली.

नाताळच्या आदल्या शनिवारी अकरा वाजता लोरिसनं कॉफीच्या यंत्राची वाफ बंद केली. आर्जिया ठेवणीतला कोट घालून कोपऱ्यात बसली होती. त्यानंच नोर्माकडून निरोप धाडला होता. बार गच्च भरलेला. लोरिसचे कान लाल झाले.

"ती पानिनी," तो काउंटरकडे बघत म्हणाला, "माझ्या आजीची नाही. मावशीची आहे. मी खोटं सांगितलं."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," आर्जिया शांतपणे म्हणाली.

त्यानं मान वर केली आणि सगळं पुन्हा मोठ्यानं म्हटलं. कुणी हसलं नाही. तेच बहुधा त्याला जास्त बोचलं.

मग त्यानं स्वतः एक पानिनी भाजून तिच्यासमोर ठेवली आणि हळूच म्हणाला, "परत ये ना मावशी. सकाळपुरती."

तिनं एक घास खाल्ला, सावकाश चावला, गिळला. उरलेली बशीत ठेवली, बशी दोन बोटांनी पुढं सरकवली, आणि हातमोजे घालून निघाली. परत यायचं की नाही याचं उत्तर तिनं दिलं नाही. ते बशीत होतं.

प्रिमो तिच्या मागोमाग गल्लीत आला.

"झालं समाधान?"

"मला वाटलं होतं मनातलं आज संपेल."

"मग?"

"अजून थोडं उरलंय."

"थोडं म्हणजे किती?"

आर्जियानं विचार केला. "ईस्टरपर्यंत पुरेल."

पुरलं त्याहून थोडं जास्तच. पाहुण्यांना ते वाक्य म्हणायची सक्ती तिनं काढून टाकली, पण काहीजण सवयीनं म्हणतच राहिले, आणि तिनं त्यांना थांबवलं नाही. लोरिसनं दोनदा दार वाजवून पानिनीत नेमकं काय चुकतं ते विचारलं. दोन्ही वेळा तिनं सांगितलं की कामात आहे, आणि दोन्ही वेळा ती खिडकीशी रिकामी बसलेली त्याला दिसत होती. मे महिन्यात एका सकाळी ती बाजारातून येत असताना तो बारच्या दारात खुर्च्या मांडताना तिला दिसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, तिनंच आधी "सुप्रभात" म्हटलं. त्यानं दचकून उत्तर दिलं. ती थांबली नाही.