ड्रमाला कुठला सातबारा

मुळा म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. लांब मुळा वाढवणं म्हणजे काय असतं ते त्यांना कुठलं माहीत! आमच्या शेवगावकडची जमीन काळी, चिकट. मुळा वीतभर खाली गेला की अडतो आणि त्याला फाटे फुटतात. माझं माहेर भंडारदऱ्याकडचं, तिथली माती भुसभुशीत. आईकडून पुरचुंडीभर बी आणलं आणि ते अंगणात ड्रमांत लावलं.

ड्रम भावानं दिलेले, छोटे. एकावर दुसरा ठेवायचा, वरच्याचा तळ काढून. पण आधी दोन्ही उभे चिरून तारेनं आवळायचे, म्हणजे मुळा काढताना उघडता येतात. आत चाळलेली वाळू भरायची. मधोमध पहार खुपसून गोल गोल फिरवायची, कंबर मोडेस्तोवर, आणि त्या भोकात कुजलेलं शेणखत आणि पोयट्याची माती, पिठासारखी चाळून. तीन बिया टाकायच्या, जोमदार रोप ठेवून बाकीची उपटायची. पाणी बेतानं, जास्त झालं की मुळा तडकतो. हे सगळं म्हशी, धुणीभांडी, स्वयंपाक सांभाळून. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. तर आमचे मालक ओट्यावर बसून म्हणायचे, "मुळ्याला आता पाळन्यात घालतीस का काय?"

तालुक्याला शेतमालाचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात सगळ्यात लांब मुळ्याला बक्षीस. आदल्या दिवशी तार सोडली आणि वाळू पाण्यानं हळूहळू धुऊन काढली. दोऱ्यासारखी शेपटीसुद्धा तुटू दिली नाही, कारण मोजतात ते शेपटीसकट. दोन हात आणि वर चार बोटं भरला! वाटलं, लग्नाला अठरा वर्षं झाली, उद्या कुणीतरी चारचौघांत माझं नाव मोठ्यानं घेईल. मला तेवढंच हवं होतं. घरात मी 'अगं' आणि गावात 'अमक्याची मंडळी'. माझं नाव आहे हेच लोक विसरून गेलेत.

ओल्या लुगड्यात गुंडाळून मुळा टेम्पोतून नेला. अर्धा माझ्या मांडीवर, अर्धा मालकांच्या. त्यांचा सगळा हातभार तेवढाच.

नोंदणीच्या टेबलावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "सातबारा?"

"कशाचा?"

"जमिनीचा. कुठल्या गटात पिकला मुळा?"

"ड्रमात."

"बाई, शेतकरी असल्याचा पुरावा लागतो."

"अहो, ड्रमाला कुठला सातबारा असतो? बी माझं, ड्रम माझा, वाळू मी चाळलेली. तुमच्या त्या उताऱ्यावरच्या जमिनीला ह्या मुळ्यानं बोटसुद्धा लावलेलं न्हाई!"

"जमीन कोनाच्या नावावर हाय?"

"मालकांच्या."

"मग त्यांचं नाव टाकतो. घरातलंच तर हाय, त्यात काय एवढं?"

मी मालकांकडं पाहिलं. एक शब्द बोलतील असं वाटलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यातला उतारा त्या माणसापुढं धरला. एरवी ह्यांना घरातला चष्मा सापडत नाही!

मुळा पहिला आला. कर्ण्यावर नाव पुकारलं, ते मालकांचं. ते स्टेजवर गेले, फेटा बांधून घेतला, शाल, नारळ, सन्मानचिन्ह, सगळं घेतलं. आयत्या बिळावर नागोबा! सूत्रसंचालकानं माईक पुढं केला, "सांगा, एवढा मुळा कसा वाढवला?"

मालक खाकरले. "शेनखत घातलं... आन् रोज भरपूर पानी दिलं."

रोज भरपूर पाणी! डोंबल! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पुढं बसलेल्या बाया आपापल्या परसात तसंच करतील आणि मुळे तडकले की नशिबाला बोल लावतील. मी उठून ओरडले, "खोटं हाय! रोज पानी दिलं तर मुळा फुटंल!"

मंडपात हशा पिकला. सूत्रसंचालक म्हणाला, "ह्या कोन?" मालक माईकवर म्हणाले, "आमची मंडळी हाय."

"वा! वहिनींचीबी साथ हाय! जोरदार टाळ्या!"

साथ! मी कुठल्या झाडाचा पाला? टाळ्या वाजल्या, त्याही मालकांकडं बघून. मी खाली बसले. रडू आलं नाही. राग एवढा होता की रडायला जागाच नव्हती.

परतीच्या टेम्पोत मालकांनी सन्मानचिन्ह माझ्या मांडीवर ठेवलं. हळूच म्हणाले, "घे. तुझंच हाय हे. मला काय म्हाईत न्हाई व्हय?"

म्हणजे माहीत होतं. टेबलापाशीही माहीत होतं, माईक हातात होता तेव्हाही माहीत होतं. न कळणाऱ्या माणसाला एक वेळ माफ करता येतं. मी सन्मानचिन्हाची ती लाकडी फळी उचलून त्यांच्या मांडीवर परत आदळली.

"मग तिथं का न्हाई बोल्लात?"

"तिथं कसं बोलायचं? एवढी मानसं हुती."

"मानसं हुती म्हनूनच बोलायचं हुतं," मी म्हणाले. "हितं टेम्पोत मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय."