सबनीससाहेबांचा आवाज

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी काही पोटात ठेवणारा माणूस नव्हे. निपाणीच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करून अख्खा वर्ग घरी पाठवला होता मी. ते कुणालाही सांगतो, चहा पाजलात तर करूनही दाखवतो. पण हे — हे नाही.

बेंगळूरला मी लागलो दारूगोळा तपासायच्या ऑफिसात. तोफेच्या गोळ्याच्या टोकावर फ्यूज बसवतात; गोळा कधी फुटायचा ते तो ठरवतो. त्याचे आटे बरोबर आहेत का, ते पोलादी गेज, म्हणजे मापाचा साचा, लावून बघायचं. आता गंमत बघा — प्रत्येक कारखान्याचं गेज आपापलं. इथं पास झालेला फ्यूज तिथल्या गोळ्यात सैल. आणि सैल फ्यूज म्हणजे काय? गोळा शत्रूकडं जायच्या आधी आपल्याच तोफेत, आपल्याच पोरांच्या तोंडावर.

आमचे साहेब सबनीस, पुण्याचे. त्यांनी एकच ध्यास घेतला होता — सगळ्या कारखान्यांना एकच गेज. तसं एक करूनही घेतलं होतं त्यांनी. तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. आम्ही त्याला साहेबांचा शाळिग्राम म्हणायचो.

माणूस बरोबर होता. हे आधीच सांगून टाकतो, नंतर तुम्ही म्हणाल लपवलं. गेजबाबत बरोबर, आणि आप्पांच्या वहाणांबाबतही बरोबर.

आप्पा म्हणजे माझे वडील. तंबाखूच्या वखारीत हमाल. एकदा न कळवता आले, आणि गेटवरच्या नव्या शिपायानं ‘पोराला भेटायचंय’ ऐकून आत सोडलं. पायात खिळ्यांच्या वहाणा, कनवटीला बिड्या नि काडेपेटी — आणि उभे कुठं? गोदामाच्या दाराशी. आमच्यात साहेबसुद्धा तिथं रबरी बूट घालून जायचे, ठिणगी पडू नये म्हणून. पण आप्पांना ते कोण सांगणार?

सबनीसांनी त्यांना वहाणा काढायला लावल्या. इथवर नियम. मग त्या वहाणा हातात उंच धरून उभं केलं, उन्हात, अनवाणी, आमच्या पाळीची सगळी माणसं समोरून जाईस्तोवर. धडा म्हणून. मग विचारलं, हा कुणाचा माणूस? मी पुढं झालो.

“वाटलंच,” म्हणाले.

हा शब्द कुठल्या नियमात होता, सांगा मला?

आप्पा बसस्टँडवर एवढंच बोलले, साहेबाचं बरोबर हाय, तू नोकरी सांभाळ. परत कधी बेंगळूरला आले नाहीत. आणि मी — मी साहेबांचा आवाज घोटायला लागलो. आंघोळ करताना, भात शिजताना. ते मधेच घसा खाकरणं, ते नाकातलं पुणेरी कानडी. चार लोकांना हसवायला नव्हे. हसवायचं असतं तर आठवड्यात जमलं असतं.

चीनच्या लढाईनंतर घाईचे दिवस होते. हुकूम फोनवर यायचा, कागद मागाहून. तेवढ्यात दिल्लीचे अधिकारी साहेबांचं गेज बघायला येणार ठरलं. जुन्या गेजवर पास आणि नव्यावर नापास असा फ्यूजचा एक लॉट साहेबांनी मुद्दाम राखून ठेवला होता, लाल पट्टी लावून. तोच त्यांचा पुरावा.

साहेब डबा एकटे खायचे, दार लावून. म्हणजे साक्षीला कुणी नाही. त्या वेळात मी गेजच्या खोलीतून गोदामात फोन लावला. गोदाम सांभाळायचा मुनियप्पा — देवमाणूस, साहेबांवर जीव. घसा खाकरला, आणि त्या पुणेरी कानडीत सांगितलं, लाल पट्टी काढ, जुन्या गेजला बसतंय ना, मग जाऊ दे.

“सरी सार,” मुनियप्पा म्हणाला. आणि ट्रक भरला.

दिल्लीवाले आले तेव्हा जागा रिकामी. साहेब म्हणाले, मी फोन केलाच नाही. मुनियप्पा रडकुंडीला येऊन म्हणाला, तुम्हीच केला, खोटं कसं बोलू? मोठे अधिकारी नुसते हसले. ज्याचं गेज तोच पाळत नाही, तर बाकीच्यांनी कशाला पाळावं? शाळिग्राम कपाटात गेला. कारखाने आपापल्या गेजवर परत. साहेबांची बदली झाली कुठल्याशा स्टेशनरीच्या भांडारात.

आणि तो सैल फ्यूजचा माल? वाटेत अडवला, की पोचला कुठल्या तोफेपर्यंत? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं — म्हणूनच.

निरोपाचा चहा कॅन्टीनमध्ये होता. साहेबांनी बशी बाजूला सारली आणि माझ्याकडं बघितलं.

“तू नकला करतोस म्हणे. माझी कर बघू.”

मुनियप्पा समोरच. साहेब हसत नव्हते. त्यांना काय हवं होतं ते तुम्हाला कळतंय ना? मलाही कळलं. एक वाक्य — तेवढं नीट म्हटलं असतं तरी माणूस सुटला असता.

मी उभा राहिलो. आवाज मुद्दाम वर चढवला, खाकरणं भलत्याच ठिकाणी घातलं, कानडीचा पार धारवाड करून टाकला. लोक हसले. आयुष्यात इतकी भिकार नक्कल मी कधी केली नव्हती, आणि इतक्या मेहनतीनं तर नाहीच.

साहेब मुनियप्पाकडं वळले. नुसतं बघत राहिले. मुनियप्पानं मान खाली घातली आणि कानडीत हळूच म्हणाला, “हा नव्हे, सार. त्या दिवशीचा तुमचाच होता.”

साहेबांनी मान हलवली. टोपी उचलली आणि गेले.

मी त्यांची पाठ दारातून बाहेर जाईस्तोवर बघितली. आणि माझ्या तोंडात, अगदी त्यांच्याच आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं आलं — वाटलंच.

गोड लागलं. अजून लागतं.