करवंदाच्या बारा बाटल्या

डिंगोऱ्यात बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, की सगळ्यांच्या हातात करवंदाच्या सरबताचा पेला यायचा. ते सरबत जानकाबाईंच्या हातचं. डोंगरातली बयाबाई पाटीभर पिकली करवंदं आणून द्यायची. जानकाबाई ती शिजवून, फडक्यातून गाळून, साखरेच्या पाकात घालून बाटल्या भरायच्या. बाटल्या मात्र आधी दोन दिवस उन्हात पालथ्या. थेंबभर पाणी राहिलं तरी सरबत नासतं, हे त्या सुनेला, कल्याणीला, दरवर्षी बजावायच्या.

१९९८ साली त्यांनीच ते मोडलं. पेठला भाचीचं लग्न होतं. धुतलेल्या बाटल्या फडक्यानं पुसल्या, बाराच्या बारा भरल्या आणि धावत एसटी गाठली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी फडताळात फट्ट आवाज झाला. एका बाटलीचं बूच उडालं होतं, लाल फेस फळीवरून ओघळत होता.

"आत्या, आंबलं का वो?" कल्याणीनं विचारलं.

"गप. उन्हाळ्यात फेस यायचाच."

पण त्यांनी बोटावर थेंब घेऊन चाखला. जीभ चुरचुरली. नुसतं आंबट झालंय की त्याची दारू झालीय, कळेना. त्या चवीशी त्यांचा जन्मात संबंध आला नव्हता. मद्यापासून दूर राहीन असं म्हणणाऱ्या लोकांच्या हातात उद्या हेच द्यायचं?

घरात ती चव ओळखणारा माणूस एकच, त्यांचे यजमान सावळेराम. नऊ वर्षांपूर्वी जानकाबाईंनी वस्तीतल्या बायका जमवून दारूचा गुत्ता बंद पाडला, तेव्हा आतून पहिल्यांदा त्यांनाच ओढून बाहेर काढलं होतं. त्यानंतर सावळेरामांनी थेंबाला शिवलं नव्हतं. आता त्यांच्याच जिभेवर थेंब ठेवायचा?

जानकाबाईंनी भाजी चिरायला घेतली, तशीच टाकली. चूल पेटवली, विझवली. चारदा दारापर्यंत जाऊन परत आल्या. सावळेराम बाहेर कडुलिंबाखाली भाकरी खात होते. उकडतंय म्हणून दोन दिवस तिथंच जेवत होते.

शेवटी बाटली पदराखाली धरून त्या उंबऱ्यावर आल्या. "अवं..."

"तिथंच थांब," सावळेराम म्हणाले. "फुडं आणू नगं."

"तुमाला काय ठावं, काय हाय ते?"

"परवाधरनं वास येतोय. म्हणून तर हितं बसतोय."

"मग बोलला का न्हाई?"

"तू लई मन लावून केलेलं. त्यात दारू हाय असं म्या म्हणायचं? लोक म्हणलं असतं, याला अजून सगळीकडं तीच दिसती."

जानकाबाई आत वळल्या. बाटल्या त्यांनी एकेक करून मागच्या उकिरड्यात ओतल्या. तोवर सावळेराम पिशवी घेऊन लिंबं आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी विहारात शेजारच्या झुंबरबाईनं पेला तोंडाला लावला आणि विचारलं, "काय गं जानके, यंदा करवंदं रुसली व्हय?"

"म्या वल्या बाटल्यांत भरलं. त्याची दारू झाली. दिलं वतून," जानकाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. दोघी-तिघी हसल्या. सावळेरामांनी मान खाली घालून लिंबाचं सरबत संपवलं.

घरी येताच जानकाबाईंनी बादली घेतली आणि फडताळ धुवायला काढलं.

"आत्या, ही तिसरी खेप," कल्याणी म्हणाली.

"आसू दे. वास जाईस्तवर धुवायचं."

सावळेरामांचं ताट अजून कडुलिंबाखालीच होतं.