बारा नंबरला बी का?

फ्रीगंजमधल्या एका शाळेत मी इतकी वर्षं चित्रकला शिकवतोय, की हल्ली खुर्चीतून उठताना आधी माझे गुडघे बोलतात, मग मी. एके काळी वर्गात शिरायचो तो नाटकात एंट्री घेतल्यासारखा. खडू हवेत उडवायचो, पाठीमागे हात नेऊन झेलायचो, पोरं टाळ्या पिटायची. तो झेल अजून जमतो. चित्रं तपासणं मात्र केव्हाच सुटलं होतं.

सात वर्गांचे ग्रेड एका दुपारी भरून द्यायचे असतात. त्यावर मी तोडगा काढला होता. तिघांना ए, चौथ्याला बी, पुन्हा तिघांना ए. सगळ्यांनाच ए दिला तर मोठ्या मॅडमना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, संशय येतो. मधूनमधून बी पेरला की रजिस्टर कसं अगदी खरं दिसतं! चित्रकलेच्या ग्रेडवरून भांडायला येतंय कोण?

या मार्चमध्ये आली. आठवीतली मुलगी, या हिंदी मुलखात आमच्यासारख्याच मराठी घरातली, नानाखेड्याहून येणारी. नववीत तिला चित्रकला घ्यायची होती आणि बी असेल तर आमच्याकडे तो विषय मिळत नाही. हातात तीन वर्षांच्या तीन वह्या.

“सर, सहावीपासून बीच आहे. काय कमी पडतं?”

मी डोळे मिटून मान डोलावली. “बेटा, तुझ्या रंगांत जान नाही.”

“सर, रंग नाहीतच. सगळं पेन्सिलनं काढलंय.”

मी रजिस्टर काढलं. तीन वर्षं तिचा हजेरी नंबर बारा. चौथा, आठवा, बारावा.

मग वह्या उघडल्या. पहिल्यांदाच. तिन्हींत आईचं शिलाई मशीन. दरवर्षी आधीपेक्षा चांगलं, कुणी काही न सांगता.

“चाक झकास फिरतंय,” मी म्हटलं, “पण पायडल हवेत लटकलंय. आईनं पाय ठेवायचा कुठे?”

ती हसली, तिथेच फरशीवर बसली आणि खोडायला लागली. अर्ध्या तासात पायडल जमिनीजवळ आलं. तीन बींनी तिला एवढंही सांगितलं नव्हतं.

बीचा ए करून घ्यायला मी तिला घेऊन मोठ्या मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, “सर, ग्रेड ऐसे थोड़ी बदलते हैं। कारण लिखकर दीजिए।”

रजिस्टरमध्ये उतरवताना ओळ चुकली, असं लिहिता आलं असतं. बहाणे मला तोंडपाठ आहेत. पण मुलगी नववीच्या विषयांचा फॉर्म घेऊन दारात उभी होती, आणि नवा बहाणा रंगवायचाही आता कंटाळा आला होता. मी लिहिलं, ‘तीनों साल के ग्रेड चित्र देखे बिना दिए।’ खाली सही.

मॅडमनी दोनदा वाचलं. मान वर न करता तिच्या फॉर्मवर सही केली.

“अब सातों क्लास की कॉपियाँ देखिए, सर। सचमुच। सोमवार तक।”

बाहेर आल्यावर मुलगी फॉर्म दप्तरात ठेवत म्हणाली, “सर, वर्गावर्गातून वह्या आणून देऊ?”

“आण,” मी म्हटलं. “पण जरा सावकाश आण.”