मुखरू मिस्त्रीचा खड्डा

मुखरू दुर्गेला गडचांदूरचे ड्रायव्हर पायांवरून ओळखत. बाकीचा मुखरू सहसा गाडीखाली असायचा. कोरपना रोडच्या कडेला सिमेंट वाहणारा एखादा टँकर, म्हणजे बल्कर, उभा, त्याच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले, टाचांना भेगा आणि भेगांत काळं ऑइल, की समजायचं मिस्त्री इथंच आहे. ड्रायव्हर त्या पायांशीच बोलायला लागायचा आणि खालून उत्तर यायचं, "बोल ना बाप्पा, कान वरतेच आहेत."

असा माणूस उभी हयात आडवा पडून काम करत होता. उन्हाळ्यात डांबर पाठीला चिकटायचं, पावसाळ्यात पाठीखालून पाणी वाहायचं. चुन्याच्या दगडांचे टिपर शेजारून जाताना सगळी धूळ तोंडावर. कंबर तर कधीचीच गेली होती. सकाळी खाटेवरून उठताना तो आधी कुशीवर व्हायचा, मग गुडघ्यावर, मग भिंतीला धरून उभा राहायचा, आणि त्याची बायको सत्यशीला चहाचा कप हातात घेऊन हे सगळं मुकाट पाहत थांबायची.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती अख्ख्या गावाला पाठ होती. खड्डा. मोठ्या वर्कशॉपमध्ये जमिनीत छातीइतका खोल, लांबलचक, सिमेंटनं बांधलेला खड्डा असतो. गाडी वर उभी करायची आणि मिस्त्रीनं खाली उतरून ताठ उभं राहून काम करायचं. कोणी विचारलं, म्हातारपणी काय करणार मिस्त्री, तर तो म्हणायचा, "मले उभ्यानं काम करायचं हाये. मरताना आडवं व्हाच लागते, मग आताच काऊन?"

धनराज पिंपळशेंडे हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकत आला होता. दोघं जुने सोबती. तरुणपणी धनराज ट्रक चालवायचा आणि मुखरू त्याच्या गाडीवर क्लीनर होता. आदिलाबादपर्यंतच्या रस्त्यावर एका डब्यात जेवलेली माणसं. पुढं धनराजनं स्वतःच्या गाड्या केल्या, विकल्या, आणि बापाचं रोडला लागून असलेलं शेत सांभाळत बसला. एका दिवाळीनंतर तो आपणहून मुखरूकडे आला आणि म्हणाला, "मुखरूभाऊ, जागा माही, लोखंड तुमचं, मेहनत दोघांची. टाकू वर्कशॉप. तुमचा खड्डा खोदू."

मुखरूनं लिहून वगैरे काही घेतलं नाही. ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्याच्याकडे कागद मागायचा, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरलीच नसती. धनराजला मात्र कागद म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं, म्हणून त्यानं तो विषयच काढला नाही.

इंजिनीअरनं कागदावर आखणी करून दिली तेव्हा मुखरूनं ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि परत दिली. त्याची आखणीची रीत वेगळी होती. धनराजच्या शेतातली कापसाची पऱ्हाटी उपटून झाल्यावर एका रविवारी त्यानं सगळ्या ड्रायव्हरांना गाड्या घेऊन बोलावलं. बल्कर आले, टिपर आले, लांबलचक ट्रेलर आला. तो म्हणाला, "जसे रोज वळवता तसे वळवा, हुशारी दाखवू नका." गाड्या वळू लागल्या आणि हा कंबरदुखीचा माणूस हातात चुन्याचं घमेलं घेऊन चाकांमागं पळत सुटला. चाकांच्या खुणांवर पांढऱ्या रेघा पडत गेल्या. सत्यशीला डब्बा घेऊन आली तेव्हा शेतभर पांढरी वळणं होती आणि मधे मुखरू उभा होता, भुवयांपर्यंत चुना. "इथी आत येते, इथी थांबते, इथून निंगते," तो तिला दाखवत होता. "अन् हे मधली जागा, हे खड्ड्याची." इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याला असा नाचताना तिनं पहिल्यांदा पाहिलं.

खांबांसाठी लोखंड त्यानं आधीच जमवलेलं होतं. भंगारात निघालेल्या ट्रकच्या चेसिस तो घरामागं ठेवत आला होता. जाड पत्र्याच्या त्या लांब पट्ट्या दोन-दोन जोडून त्यानं खांब केले. प्रत्येक चेसिस कोणत्या गाडीची, हे त्याला माहीत होतं. ही घाटात उलटली होती, हिचा मालक कर्जात गेला, हिच्यावर गावातला गुलाब गाडी चालवायला शिकला. धनराज म्हणाला, "बोल्टानं कसू, उद्या काढाचे पडले तर सोपं." मुखरू हसला. "काढाले लावून राह्यलो का? काँक्रीटमध्ये गाडू." आणि त्यानं खांब स्वतःच्या हातानं काँक्रीटमध्ये गाडले. बोल्टाची गोष्ट धनराजनं का काढली असेल? कदाचित त्या वेळी त्याच्या मनात अजून थोडी लाज शिल्लक होती.

मुखरूचा मुलगा राजदीप देखरेखीला असायचा. चंद्रपूरच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेला, शर्टाला डाग पडू न देणारा पोरगा. तो कामावर येतो, याचंच मुखरूला अप्रूप होतं.

शेड उभं राहत गेलं तशा काही गोष्टी मुखरूला दिसत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्याचं ऊर भरून येत होतं. मागच्या बाजूला संडास-बाथरूमची रांग बांधली गेली. "इतके काऊन?" त्यानं विचारलं. धनराज म्हणाला, "ड्रायव्हर लोक दूरदुरून येतात भाऊ, आंघोळ करतील बिचारे." छताला पंख्यांचे हूक लागले, एवढे की मोजायचा कंटाळा यावा. "मिस्त्रीले इतके पंखे?" "तुमचा घाम आता पाहवत नाई." समोर कमानीचा पोर्च निघाला, तर म्हणे गाडीमालकांना सावलीत बसता येईल. मुखरूनं घरी येऊन सत्यशीलाला सांगितलं, "पाय, असा सोबती भेटाले नशीब लागते." ती म्हणाली, "पोर्चले नक्षी काऊन काढून राह्यले पण?" तो चिडला. बायका प्रत्येक गोष्टीत खोट काढतात म्हणाला. आज ते आठवलं की त्याला स्वतःच्याच कानशिलात मारावंसं वाटतं.

शेवटी खड्डा झाला. बांधून, गिलावा करून, पायऱ्या काढून. मुखरू त्यात उतरला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. वर गाडी नव्हती, तरी त्यानं हवेतच ऑइलचा नट फिरवून पाहिला. मान ताठ, पाठ ताठ. वर उभा असलेला धनराज म्हणाला, "जमलं का भाऊ?"  मुखरूनं मान हलवली, आणि वर येताना धनराजनं पुढं केलेला हात धरला.

"आता पंधरा-वीस दिवस पाणी मारून सुकू द्या लागते," धनराज म्हणाला. "तुम्ही असेच बसून राह्यसान. रिनाचे दिवस भरले न? जाऊन या पोंभुर्ण्याले. पाणी राजदीप मारते." राजदीपही म्हणाला, "जा न बाबा, मी हाओ इथी." लेकीच्या बाळंतपणाची आठवण सोबत्यानं ठेवली, म्हणून मुखरूचे डोळे भरून आले. तो आणि सत्यशीला पोंभुर्ण्याला गेले. नात झाली. तिला मांडीवर घेऊन तो जावयाला खड्ड्याची लांबी-रुंदी सांगत बसला.

परत आल्यावर घरी पिशवी टाकून तो सरळ शेडकडे गेला. पोर्चमध्ये चकचकीत फरशीची खोकी रचलेली होती. आत एका टोकापासून फरशी बसवणं चालू होतं, आणि जिथं त्याचा खड्डा होता तिथं सपाट जमीन होती. त्याला आधी वाटलं, वर फळ्या टाकून झाकला असेल. तो तिथं गेला आणि पाय आपटून पाहिला. पायाखाली भरीव मुरूम होता.

धनराज फरशीवाल्यांशी बोलत होता. त्यानं मुखरूला पाहिलं आणि अजिबात न गडबडता खुर्ची मागवली. "बसा भाऊ. गावात लग्नाले चांगला हॉल नाई पाहा. लोकं राजुऱ्याले, चंद्रपूरले जातात. घरच्यांचं म्हणणं पडलं, गॅरेजात काय ठेवलं हाये..."

"कधी ठरलं?" मुखरूनं विचारलं.

धनराज आलेली खुर्ची पुसू लागला. मुखरूची नजर बाथरूमच्या रांगेकडे गेली, मग पंख्यांच्या हुकांकडे, मग कमानीच्या नक्षीकडे. उत्तराची गरजच उरली नाही. पहिल्या दिवसापासून हे लग्नाचंच सभागृह होतं. वर्कशॉप फक्त मुखरूच्या डोक्यात बांधलं जात होतं.

"मंग खड्डा काऊन खोदू देला?"

"नाईतर तुम्ही खांब उभेच केले नसते, भाऊ." धनराज हे इतक्या शांतपणे म्हणाला की मुखरूला क्षणभर ते बरोबरच वाटलं. मग त्यानं पाहिलं, मागच्या दारातून राजदीप येत होता. अंगात पांढरा शर्ट, हातात हॉलच्या चाव्यांचा जुडगा.

"बाबा, मॅनेजरचं काम माह्याकडे हाये," तो म्हणाला. "चार लोकांत बसाउठाचं काम हाये. मिस्त्रीच्या पोराले पोरगी देताना लोकं हात पाहतात हो. मले नाई उतरायचं त्या खड्ड्यात."

"तुले कोणी उतर म्हटलं होतं?" मुखरू म्हणाला. "तो माह्यासाठी होता."

 मुखरू एका खांबाजवळ गेला. गॅसकटर त्याच्या घरीच होता. एका दुपारचं काम. पण खांब कापले तर छत खाली येणार, आणि खाली गावातलीच पोरं फरशी बसवत होती. त्यानं खांबावर हात ठेवला, काढला, आणि तो चालत घरी गेला.

त्याला खरं कळलं ते आठवड्यानं, गुलाबकडून. गुलाब टिपर चालवायचा. ब्रेक बिघडला म्हणून आला आणि मुखरू गाडीखाली गेल्यावर, पायांशी बोलणं सोपं असतं म्हणून की काय, सांगून टाकलं. "मिस्त्री, मुरूम आमच्याच टिपरनं टाकला. मी म्हटलं होतं राजदीपले, अबे हा तुह्या बापाचा खड्डा हाये. तो म्हणला, बाबानंच सांगतलं, माप चुकलं, दुसरीकडे खोदाचा हाये. तुमचं नाव घेतल्यावर आम्ही काय इचारणार? एका दुपारी वतून मोकळे झालो."

खाली पान्हा फिरायचा थांबला.  धनराजचं दुःख मुखरूनं कसंबसं गिळलं होतं. सोबती काय, बदलतात. पण आपल्या शब्दानं आपलाच खड्डा बुजला, आणि तो शब्द पोरानं वापरला, हे त्याच्या घशाखाली उतरेना. गाडीखाली पडल्यापडल्या तो रडला. गुलाबला ते कळलं असावं, कारण तो उगाच लांब जाऊन बिडी ओढत बसला.

उन्हाळा लागला. हॉलचं पहिलं लग्न धनराजच्या मुलीचं, दिव्यानीचं, ठरलं. ती लहानपणापासून मुखरूला मोठेबाबा म्हणायची. आदल्या संध्याकाळी राजदीप पत्रिका घेऊन घरी आला. सत्यशीलानं त्याला पाणी दिलं आणि ती आत गेली. मुखरू ओट्यावर कंबरेला शेक घेत बसला होता.

"धनराजकाकानं तुमच्यासाठी पुढची खुर्ची ठेवली हाये," राजदीप म्हणाला. "या बाबा. लोकं इचारतील."

मुखरूनं पत्रिका बाजूला ठेवली. "स्टेज कुठी टाकला?"

"मधात."

"खड्ड्यावर?"

राजदीपनं पत्रिका उचलून पुन्हा नीट ठेवली. म्हणजे खड्ड्यावरच.

"मुरूम भरताना थर-थर टाकून, पाणी मारून, धुमसानं कुटला होता का?"

"नाई. टिपरनंच टाकला."

"मंग ऐक," मुखरू शेक बाजूला ठेवून म्हणाला. "छातीभर मुरूम हाये तो, न कुटलेला. आतून पोकळ हाये. उद्या फोटोले सगळं खटलं स्टेजवर चढन. खालची जमीन बसन अन् स्टेज लोखंडी कमानीसकट पोरीच्या अंगावर येईन. स्टेज भिंतीकडे सरकवा. मधात कोणाले उभं राहू देऊ नका. लग्न झालं का फरशी काढा, मुरूम उपसा अन् नीट कुटून भरा."

राजदीपनं बापाकडे पाहिलं.  मग हलकंसं हसला.

"म्हणजे खड्डा पुन्हा खोदा," तो म्हणाला. "बाबा, राग असन तुम्हाले, समजते मले. पण तिच्या लग्नात असं इघ्न आणू नका."

सत्यशीला दारात उभी होती.  मुखरूला आधी वाटलं आपण नीट सांगितलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा तोंड उघडलं; मग त्याला कळलं की पोरानं सगळं नीट ऐकलं आहे.

"गुलाबनं माहं नाव ऐकून टिपर खाली केला," तो म्हणाला. "तूच घेतलं होतं ते नाव."

राजदीप उठला, चप्पल घातली, आणि उद्या अकराच्या आत या असं आईला सांगून निघून गेला. मुखरू कुशीवर झाला, गुडघ्यावर झाला, भिंतीला धरून उभा राहिला. त्यानं सत्यशीलाला म्हटलं, गुलाबला फोन लाव, दिव्यानीला फोन लाव, कोणालाही लाव, पण स्टेज हलला पाहिजे. आणि हे माझ्याकडून आलंय असं सांगू नको म्हणाला, नाहीतर तेही ऐकायचे नाहीत.