उष्टं पाणी

सुरतेत प्लेग पसरल्याची बातमी आली आणि तिथल्या कापडगिरणीत कामाला असलेला माझा थोरला भाऊ मिळेल त्या गाडीनं श्रीगोंद्याला परतला. आला, तो घरात शिरलाच नाही. परसातल्या रिकाम्या गोठ्यात बसला आणि पुढ्यात राखेची रेघ ओढली. म्हणाला, "हिच्या आत कुनी यायचं न्हाई."

डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, आठवडाभर कॅप्सूल दिल्या. काही झालेलं नाही म्हणाले. साथ ओसरली, महिना उलटला, तरी दादा गोठ्यातच. हात धुऊन धुऊन सालं निघालेली, काखेत सदा थर्मामीटर. "माझ्या अंगात हाय ते. तुमी मरताल," एवढंच बोलायचा. आई रडायची. मला मात्र संताप यायचा. डॉक्टरपेक्षा हा शहाणा! तांब्याला तो हात लावत नसे, म्हणून मी रेघेबाहेरून वाकून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची. वर "ओंजळ नीट धरा, महाराज" असं चिडवायचीसुद्धा.

एका दुपारी आबा, आमचे वडील, साखर कारखान्यातली पाळी संपवून आले आणि ते पाणी ओतणं बघून सायकल धरून तसेच उभे राहिले. आम्ही बौद्ध. धर्म बदलण्याआधी, पोरवयात, आबांना गावच्या विहिरीवर असंच वरून पाणी मिळायचं. हे आईनं मला सांगितलं होतं, आबांनी कधीच नाही. घशाला कोरड पडली तरी ते कुणाच्या दारात पाणी मागत नसत. सगळं ठाऊक असून मी महिनाभर तेच करत होते. माझी मलाच लाज वाटली.

आबा रेघ ओलांडून दादासमोर मांडी घालून बसले. माझ्याकडून तांब्या घेऊन त्याच्या हातात दिला.

"तोंड लावून पी."

"आबा, लांब व्हा."

"मला कंचाच रोग नव्हता, पोरा. पर लोकांनी इतक्यांदा वरनं पानी वतलं, की मलाबी वाटायचं, माझ्या हातातच कायतरी हाय. लई वर्सं लागली ते जायला. तुला डागतरनं बरा म्हनलंय. पी."

दादानं एक घोट घेतला. आबांनी तांब्या काढून घेतला, तोंडाला लावला आणि त्याचं उष्टं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मी थक्क होऊन बघत राहिले. देवाबिवावर माझा विश्वास नाही, पण त्या वेळी हात आपोआप जोडले गेले.

दादा त्या दिवशी काही घरात आला नाही. एका तांब्यानं एवढं भय जात नसतं. त्याला आणखी दोन महिने लागले. तोवर रोज कामावर निघताना आबा गोठ्याशी सायकल थांबवायचे आणि जन्मात कुणाकडे पाणी न मागितलेला तो माणूस दादापुढे हात करायचा.

"पानी दे रं. आधी तू पी."